'हो' दाबणारे झुलालभाऊ

झुलालभाऊंची नोकरी शिपायाची. पण अठ्ठ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात ते करत काय होते असं कुणी विचारलं, तर खरं उत्तर एकच होतं: धुळे आणि जळगाव जिल्ह्यांत एसटीनं फिरून ते 'हो' म्हणत होते. हे काम त्यांना मीच दिलं होतं. मला राग लवकर येतो, आणि या गोष्टीत तो बऱ्याचदा येणार आहे. झुलालभाऊंवर मी जितकी चिडले, तितकी आयुष्यात फक्त नवऱ्यावर चिडले असेन.

आमचा संघ बियाण्यांचा. मुख्य कचेरी धुळ्याला आणि डेपो एकोणीस, शिरपूरपासून थेट मुक्ताईनगरपर्यंत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशात शेतीचं साल बदलतं. जुना सालदार जातो, नवा येतो, आणि मग कापसाच्या बियाण्यासाठी डेपोवर लोकांच्या फेऱ्या सुरू होतात. त्याआधी एकोणीस डेपोंवर एकोणीस कॉम्प्युटर बसवायचे आणि कुठे किती पोती शिल्लक आहेत ते फोनच्या तारेवरून धुळ्याला कळेल असं करायचं, हा आमचे चेअरमन सुकदेवनाना यांचा संकल्प. नानांना कॉम्प्युटर चालू कसा करतात ते ठाऊक नव्हतं, पण संकल्प करायला त्याची गरज नसते. संघात कॉम्प्युटर शिकलेली मी एकटी, त्यामुळे संकल्प नानांचा आणि घाम माझा अशी वाटणी झाली.

नवा कॉम्प्युटर म्हणजे कोरी पाटी. त्यात आधी विंडोज घालावं लागतं, आणि घालताना ते सोयरीक जुळवायला आलेल्या पाहुण्यासारखे प्रश्न विचारत बसतं. नाव काय, गाव कोणतं, भाषा कोणती, घड्याळ कुठलं लावू. डेपोवरचे लोक पोती मोजण्यात तरबेज, पण इंग्रजी प्रश्न दिसला की मशीन बंद करून चहाला जात. म्हणून मी सगळ्या प्रश्नांची उत्तरं आधीच एका फाईलीत लिहिली आणि ती फाईल फ्लॉपीवर टाकली. सीडी घाला, फ्लॉपी घाला, बटण दाबा आणि खुशाल जा. तासाभरात मशीन आपलं आपण तयार. मला माझाच फार अभिमान वाटला होता, तो दोन दिवस टिकला.

घोडं अडलं ते दाखल्यापाशी. डेपोचं मशीन धुळ्याच्या मशीनशी बोलणार, तर समोरचं मशीन खरंच आपल्या संघाचं आहे, कुणा लबाड व्यापाऱ्यानं मध्येच तार जोडलेली नाही, हे त्याला कळायला हवं. त्यासाठी एक सिक्युरिटी सर्टिफिकेट असतं. आम्ही त्याला सरळ दाखला म्हणायचो. संघाचा दाखला मशीनमध्ये एकदा घातला की धुळ्याहून येणाऱ्या शब्दावर ते विश्वास ठेवतं. पण घालताना पडद्यावर एक चौकट उमटते: या दाखल्यावर विश्वास ठेवायचा का, हो की नाही? बाकी चाळीस प्रश्नांची उत्तरं माझ्या फाईलीत लिहून चालली, या एकाचं चालेना. ते जिवंत माणसानं तिथं बसून, बटण दाबूनच द्यायचं. मी आठवडाभर डोकं आपटलं आणि मग एक माणूस पाठवायचं ठरवलं. फिरस्तीला राजी असलेला माणूस संघात एकच होता.

झुलालभाऊ तेव्हा पन्नाशीचे. भडगावकडच्या एका खेड्यातले, अंगानं काटकुळे, डोक्यावर टोपी, हातात पिशवी, आणि एसटीचं वेळापत्रक तोंडपाठ. त्यांचा घाईशी काही संबंध नव्हता. मी त्यांना बजावलं होतं की मशीनला तास लागतो, तुम्ही शेवटी जाऊन बटण दाबलंत तरी पुरे. पण ते सुरुवातीपासून समोर मांडी घालून बसत. मशीनला एकटं सोडणं त्यांना बरं दिसत नव्हतं. चौकट यायची वेळ झाली की उठून हात धूत, डेपोतल्या सगळ्यांना चपला काढायला लावत आणि मोठ्यानं विचारत, "मी हो म्हनी ऱ्हायनू. कोनले काही हरकत शे का?" मग उजव्या हाताच्या बोटानं एकदाच, पण मनापासून, बटण दाबत.

पारोळ्याच्या डेपोवर रखवालदारानं खरोखरच हरकत घेतली. दाखला म्हणता, मग त्यावर शिक्का कुठाय, असं त्याचं म्हणणं. शिक्का आतून असतो हे झुलालभाऊंनी त्याला तीन तास समजावलं आणि तो राजी झाल्याशिवाय बटण दाबलं नाही. मी इकडे धुळ्यात फोनपाशी बसून दात ओठ खात होते. परत आल्यावर मी विचारलं, रखवालदाराला कशाला विचारलंत? ते म्हणाले, "ताई, वाडाना कुत्राले बी विचारीसन आत जानं पडस."

हे वळण त्यांना लागलं होतं ते मुराळीपणामुळे. मुराळी म्हणजे आखाजीला सासरहून लेकीबाळींना माहेरी आणायला जाणारा माणूस. खरं तर भावानं जायचं. पण कुणाला भाऊ नसतो, कुणाचा भाऊ सुरतेला, कुणाचा आजारी. मग झुलालभाऊ जात. वीस-बावीस वर्षं गावातल्या निम्म्या लेकी त्यांनीच आणल्या असतील. चाळीस गावांत त्यांचा चेहरा ओळखीचा होता. झुलाल दारात दिसला की सासू पुढचं काही न विचारता सुनेची पिशवी बाहेर ठेवी. दाखल्याचं प्रकरण मी त्यांना समजावायला गेले तेव्हा त्यांनी मला मध्येच थांबवून सांगितलं की हे तर मुराळ्याचंच काम आहे. कॉम्प्युटरच्या पुस्तकात मला ते इतक्या सोप्या शब्दांत कुठे सापडलं नव्हतं, आणि त्याचाही मला थोडा राग आला.

आता काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं झालं. गावभरच्या लेकी आणता आणता त्यांची स्वतःची धाकटी बहीण भिकुबाई नेहमी शेवटी राहायची. ती शिरपूरच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याला दिलेली. आधी परक्यांच्या आणू, आपली काय, घरचीच आहे, असा यांचा हिशोब. भिकुबाईच्या गावातल्या सगळ्या माहेरवाशिणी अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं घोळक्यानं निघत, आणि ती एकटी ओट्यावर बसून त्यांना हात करी. हिला झुलालभाऊ एक दिवस उशिरानं न्यायचे, कधी दोन. आदल्या वर्षी तर झुलालभाऊ गेलेच नाहीत. त्यांनी रुपचंद नावाच्या शेजाऱ्याला पाठवलं, हाती चिठ्ठी देऊन. भिकुबाईची सासू झुंबरबाई दारात आडवी उभी राहिली. "चिठ्ठी कोनी बी लिखी. हाऊ मानूस कोन शे?" रुपचंदला पाणी पाजलं, जेवू घातलं आणि एकट्याला परत पाठवलं. त्या वर्षी भिकुबाईची आखाजी सासरीच झाली.

तिनं नंतर निरोप धाडला तो झुलालभाऊंनी मला कितीदा तरी सांगितला. अमावास्येला दिवे लागायच्या आत भाऊ दारात हवा, म्हणजे ती दुसऱ्या दिवशी सगळ्यांबरोबर पहिल्या गाडीनं निघेल. "भाऊ सोता उना नही, ते मनं माहेर सरनं." एवढा चाळीस गावांचा मुराळी, आणि सख्ख्या बहिणीचं माहेर त्याच्या हातून संपायला आलेलं.

एप्रिलमध्ये त्यांनी अकरा डेपोंवर 'हो' म्हटलं. उरलेल्या आठ डेपोंची मशीनं व्यापाऱ्यानं रखडवली आणि थेट अमावास्येच्या आदल्या दिवशी डेपोंवर टाकतो असं कळवलं. मी आठवड्याचा तक्ता मांडला. आठ डेपो, अमावास्येपासून आखाजीपर्यंत दिवस तीन, माणूस एक. तक्ता झुलालभाऊंसमोर ठेवला.

"ताई, माले अमावस्याले बहीननं घर जानं शे," ते म्हणाले.

"मग मशीनचं काय?"

"इतला सवालसना जवाब तुम्ही आधीच लिखी ठेवतस. मंग हाऊ एकच काब्र ऱ्हायना?"

माझं डोकं फिरलं. हा एकच का राहिला, हे मी स्वतःला आठवडाभर विचारून थकले होते, आणि आता शिपाई मला तोच विचारत होता. मी त्यांना सुनावलं की हा प्रश्न मुद्दाम माणसासाठी ठेवलेला आहे, उत्तर लिहून ठेवायची सोय नाही, आणि तुम्हाला त्यातलं कळत नाही. ते शांतपणे म्हणाले, "पन मानूसनी एकदाव हो म्हनं, की मशीन कथं तरी लिखी ठेवत व्हई ना? रोज थोडं ईचारस ते? तेच लिखेल उचलीसन दुसरा मशीनना वहीमा चिटकाडी देऊत."

मी त्यांना चहा आणायला पाठवलं, कारण माझा चेहरा त्यांना दिसायला नको होता. उत्तर इतकं उघड होतं की हातच्या कांकणाला आरसा धरत बसल्यासारखं मला वाटलं. कॉम्प्युटरची स्वतःची एक नोंदवही असते, त्याला काय काय सांगितलं ते सगळं ती धरून ठेवते. झुलालभाऊंनी 'हो' दाबलेल्या मशीनच्या वहीत तो दाखला आकड्यांच्या रूपात पडलेला होता. मी तेवढं पान वेगळं काढलं, फ्लॉपीवर ठेवलं, आणि विंडोज बसून झालं की ते गुपचूप वहीत चिकटवायचं अशी एक ओळ माझ्या फाईलीत शेवटी घातली. प्रश्न विचारायची वेळच येऊ द्यायची नाही. झुलालभाऊंनी अकरा वेळा हात धुऊन दिलेला 'हो' आता पुढच्या सगळ्यांना पुरणार होता.

धुळ्यातल्या एका रिकाम्या मशीनवर आम्ही ते करून पाहिलं. झुलालभाऊ हात धुऊन तयार बसले. तास झाला, विंडोज आलं, दाखला बसला, धुळ्याचं पान उघडलं. चौकट काही आली नाही. ते ओले हात मांडीवर ठेवून पडद्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "ईचारं नही." बहिणीकडे जाता येणार म्हणून ते खूश होते, पण आपल्याला कुणी विचारलं नाही हे त्यांच्या मनाला लागलं होतं. मलाही कसंतरीच वाटलं, आणि ते लपवायला मी त्यांना आठ फ्लॉप्यांच्या नकला काढायला बसवलं.

इथेच माझी चूक झाली. फ्लॉप्या त्यांनी काढल्या, त्यांनीच एसटीच्या कंडक्टरांबरोबर आठ गावांना धाडल्या, आणि डेपोवाल्यांना फोनही त्यांनीच केले. मी फक्त एक परिपत्रक काढलं: अमावास्येच्या दिवशी सकाळी नऊला मशीन सुरू करावं, सबब चालणार नाही.

अमावास्येला रविवार होता, पण नानांनी सुटी रद्द केली होती. अकरा वाजता मुक्ताईनगर डेपोचा सुपडू फोनवर आला. मशीन तयार झालं, नारळ फोडला, पेढे वाटले. पाठोपाठ बाकीच्या सातही डेपोंचे फोन आले, सगळीकडे नारळ फुटलेले. मला नवल वाटलं. ही माणसं अमावास्येला नखं काढत नाहीत, आणि आज बिनतक्रार नवं मशीन सुरू करतात? पण परिपत्रकाची भाषा मी कडक ठेवली होती, तिचाच गुण असेल असं समजून मी झुलालभाऊंना निरोप दिला. दीडच्या गाडीनं शिरपूर, शिरपूरहून पाचची शेवटची गाडी बहिणीच्या गावाला. पिशवीत भिकुबाईसाठी लुगडं होतं. अमावास्येला तुम्ही बरे निघालात, असं मी चिडवलं, तर म्हणाले, "बहीनले अमावस्या लागस नही."

ते गेले आणि दहा मिनिटांत सुपडूचा पुन्हा फोन. मशीन धुळ्याशी बोलायला तयार नव्हतं. मग बोदवडचा, मग भडगावचा. आठही डेपोंची मशीनं धुळ्याला ओळख दाखवायला नकार देत होती. संध्याकाळी नाना कचेरीत येऊन एकोणीस डेपो एका पडद्यावर बघणार होते. माझ्या डोक्यात तिडीक गेली. उसन्या अकलेवर चाललं की असं होतं, म्हणाले स्वतःला, आणि लूना काढून एसटी स्टँड गाठलं.

शिरपूरची गाडी लागलेली होती. झुलालभाऊ खिडकीपाशी, लुगड्याची पिशवी छातीशी धरून. मी खालून सांगितलं की तुमची युक्ती फसली, एकही मशीन चालत नाही. ते उठले, माणसांमधून वाट काढत खाली उतरले, आणि कंडक्टरनं घंटी मारली. गाडी फाटकातून बाहेर गेली तेव्हा त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी पाहिलं असतं तर मला बरं वाटलं असतं. लूनावर मागे बसून ते एवढंच म्हणाले की दिवे सातला लागतात.

कचेरीत येऊन मी सुपडूला फोन लावला.

"मशीन नेमकं काय म्हणतं, अक्षर अक्षर वाच."

सुपडूनं अक्षरं लावत वाचलं. माझ्या लक्षात आलं ते असं की दाखल्याची मुदत अजून सुरू झालेली नाही. दाखला मी एक एप्रिलला तयार केला होता, हसू नका. त्याआधी तो चालत नाही. पण आता तर एप्रिल संपत आला होता.

"सुपडू, आज तारीख काय?"

"आपली का मशीनची?"

"म्हणजे?"

"मशीनचा आज पाडवा आहे ना मॅडम. अठ्ठावीस मार्च."

मी फोन हातात धरून झुलालभाऊंकडे वळले. ते टोपी काढून उभे होते.

त्यांनी सगळं कबूल केलं. अमावास्येला एकही डेपोवाला नवं मशीन सुरू करणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. माझं परिपत्रक आलं की सगळे हो म्हणतील आणि कुणाची तार तुटेल, कुणाची वीज जाईल, कुणाच्या पोटात दुखेल. मग आखाजीपर्यंत फोनाफोनी, आणि यांची बहीण पुन्हा शेवटी. मशीनची तारीख बदलायची कशी हे मीच त्यांना शिकवलं होतं, कारण आधीच्या अकरांपैकी कितीतरी मशीनांची घड्याळं चुकलेली आली होती. तेव्हा त्यांनी प्रत्येक फ्लॉपीत सुरुवातीलाच एक ओळ घातली: तारीख गुढीपाडव्याची. आणि आठ जणांना फोनवर सांगितलं की अमावास्या तुमची, मशीनचा पाडवा आहे, बिनघोर नारळ फोडा.

मी अर्धा तास बोलले असेन. आवाज बाहेरच्या रिक्षास्टँडवर गेला, असं नंतर कळलं. मशीनला पंचांग नसतं, तिथी नसते, अमावास्या नसते, असं मी पुन्हा पुन्हा सांगत होते. ते म्हणाले, "मशीनले नही व्हई. सुपडूले शे."

मी सुपडूला हुकूम सोडला की मशीनची तारीख आत्ताच्या आत्ता आजची कर. सुपडू म्हणाला, "मॅडम, पाडव्याला सुरू केलेलं मशीन मी अमावास्येत नेऊन घालू?" मी म्हटलं घाल. तो म्हणाला, वीज गेली. फोनवर मला त्याच्या पंख्याचा आवाज ऐकू येत होता. बोदवडवाल्यानं पोट दुखत असल्याचं सांगितलं. आठांतून एक माणूस तयार होईना, आणि घड्याळात अडीच वाजून गेले होते.

मी टेबलावर डोकं टेकलं. झुलालभाऊ हळूच म्हणाले, "ताई, दाखला एक तारीखना मांगे चालत नही. पुढं चालस का?"

"पुढे वर्षभर चालतो."

"मंग आखाजी घालाले सांगा ना."

साडेतीन मुहूर्तांतला एक सोडून दुसरा. एकोणतीस एप्रिल, दाखल्याच्या मुदतीत, आणि डेपोवाल्यांच्या दृष्टीनं पाडव्याहून काकणभर सरसच. मी सुपडूला सांगितलं. त्याची वीज लगेच आली. आठही डेपोंनी वीस मिनिटांत आखाजी साजरी केली, मुक्ताईनगरला तर दुसरा नारळ फुटला, आणि माझ्या पडद्यावर एकोणीसच्या एकोणीस नावं हिरवी झाली. नाना संध्याकाळी येऊन बघणार होते ते लवकर आले. मुक्ताईनगरच्या नावापुढची तारीख वाचून म्हणाले, "आखाजीलाच सुरू केले, हे चांगलं केलं प्रमिलाबाई." आज आखाजी नाही, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. मीही आणून दिलं नाही.

पण झुलालभाऊंची गाडी गेली होती. पुढच्या गाडीनं शिरपूरला पाचची शेवटची मिळणार नव्हती. ते पिशवी घेऊन दाराशी उभे होते. त्यांना गाडीतून मी उतरवलं होतं. मला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली की मी आणखी जोरात ओरडते. "बघता काय? बसा मागे," मी ओरडले.

धुळ्याहून शिरपूर लूनावर दोघांनी जाणं म्हणजे काय ते आग्रा रोडच्या ट्रकवाल्यांना विचारा. चढ आला की झुलालभाऊ उतरून पळत, उतार आला की पुन्हा बसत. सोनगीरच्या चढावर तर ते माझ्यापुढे निघून गेले आणि वर जाऊन वाट बघत थांबले. शिरपूरच्या पुढे कच्चा रस्ता. पुढे एक बियाण्याचाच ट्रॅक्टर धूळ उडवत चाललेला आणि तो बाजू देईना. चौदा किलोमीटर आम्ही त्याची धूळ खाल्ली. गावात शिरलो तेव्हा एका घरात दिवा लागलेला दिसला, आणि झुलालभाऊ चालत्या गाडीवरून उडी मारून पळाले.

मी पोचले तर दारात झुंबरबाई आडवी उभी. "कोन शे?"

"मी झुलाल, मावशी."

"झुलाल येस्टीवर येस. अन् काया शे. तू ते पांढरा शे."

खरंच होतं. डोक्यापासून पायापर्यंत दोघं पिठाच्या गिरणीतून निघाल्यासारखे दिसत होतो. त्यांनी चेहरा पुसला तर धुळीचा चिखल झाला आणि ओळख होती तीही गेली. म्हातारी ऐकेना. आदल्या वर्षी रुपचंद, या वर्षी हा पांढरा, आणि बरोबर लूनावरची बाई. तिनं कमरेवर हात ठेवून विचारलं, "भिकीना लगीनमा कढीमा काय पडं व्हतं?"

झुलालभाऊ खाली मान घालून म्हणाले, "मना चष्मा."

"कोनी काढा?"

"तुम्हीच. हात भाजना व्हता तुमना."

झुंबरबाई बाजूला झाली. तिच्या मागे, दाराआड, भिकुबाई उभी होती. भरलेली पिशवी पायाशी, डोक्यावरून पदर घेतलेला. सगळी चौकशी तिनं ऐकली होती आणि मुद्दाम गप्प राहिली होती. ती बाहेर आली, भावाच्या तोंडावरची धूळ पदरानं पुसली आणि मग त्याच पदरात तोंड घालून रडायला लागली. झुलालभाऊ म्हणत राहिले, "उनू ना. उनू ना मी."

रात्रीची परत येण्याची सोय नव्हती, मी तिथंच राहिले. भिकुबाईनं भरीत-भाकरी वाढली. मला राहवेना, मी विचारलं की गावात रोज गाडी येते, तुम्ही तुमच्या तुम्ही का येत नाही? एवढा सगळा गोंधळ, ही धावपळ, कशासाठी?

"बस ते रोज येस वं बाई," ती म्हणाली. "शिरपूरना बाजारले मी एकलीच जास. पन आखाजीले कोनी लेवालेच उनं नही, ते मांगे कोनी शे का नही, हाई माले कसं समजी?"

मी भाकरीचा तुकडा मोडत बसले.

"तुले कोन लेवाले येस?" तिनं विचारलं.

माझं माहेर जळगावला. आई-वडील गेल्यापासून भाऊ फोन करतो, थेट गाडी आहे, निघ. मी म्हटलं, मला न्यायला कुणी लागत नाही, माझी मी जाते. ते मी जरा जोरातच म्हटलं असणार, कारण झुलालभाऊंनी ताटावरून वर पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी भिकुबाई पहिल्या गाडीला सगळ्या बायकांच्या पुढे, खिडकीपाशी बसून निघाली. ओट्यावरून हात करायला त्या वर्षी झुंबरबाई आणि मी होतो.

आठ मशीनांच्या तारखा मी आखाजीला फोनवरून ताळ्यावर आणल्या. झुलालभाऊंना कुणी पुन्हा 'हो' दाबायला पाठवलं नाही, कारण त्यांनीच तशी सोय करून ठेवली होती. ते कचेरीत चहा, टपाल आणि घंटा सांभाळत राहिले.

पुढच्या वर्षी आखाजीच्या दोन दिवस आधी सकाळीच ते आमच्या दारात उभे. "चला ताई, जळगावले," म्हणाले. मी विचारलं, मी तुम्हाला बोलावलं होतं का? मला एकटीला जाता येतं, गाडी थेट आहे. "माहीत शे," ते म्हणाले आणि ओट्यावर बसून राहिले. नवरा आतून म्हणाला, "झुलालभाऊ, तिचं ऐकू नका. पहाटे पाचपासून बॅग भरून बसलीय."